दुपारी तीनची रात्र

परवानगी मिळाली ती दुपारी तीन ते पाच.
सातला आरती, त्याआधी घाट धुवायचा असतो,
साहेब खिडकीतूनच म्हणाले,
शिक्का मारता मारता विचारलं,
"नाटकात आहे काय?"
म्हटलं, "रात्र."

शरफुद्दीनचाचा हसले नाहीत.
कोकणीपुऱ्यातून सायकलवर वायरींचं भेंडोळं घेऊन आलेले,
चाळीस वर्षं स्पॉट, डिमर, निळी जिलेटिनं.
"बाई, एप्रिलच्या उन्हात
रात्र मी कुठल्या प्लगला लावू?"

मी सांगत राहिले:
चारशे वर्षांपूर्वी थेम्सच्या काठी असंच चालायचं,
डोक्यावर छप्पर नाही, भर दुपार,
अक्रोड फोडत उभी माणसं,
आणि एक नट पेटती मशाल घेऊन आत यायचा.
मशाल उजेडासाठी नव्हतीच.
मशाल आली, म्हणजे आता काही दिसत नाही, असं समजायचं.
उरलेला काळोख ते तोंडानं करायचे.
घुबड तोंडानं. मावळलेला चंद्र तोंडानं.
खून करायचा तर आधी चार ओळींची
काजळी धरायची आभाळाला.

"म्हणजे लाइटवाला लागत नव्हता,"
चाचा म्हणाले.
मी चहा मागवला.

माझी अडचण आणखी वेगळी.
त्यांच्याकडे रात्रीला एक आखूड शब्द,
दाराची कडी पडावी तसा.
माझ्याकडे ढीगभर:
किर्र, मिट्ट, गुडुप, काळाकभिन्न,
तिन्हीसांज, उत्तररात्र, झुंजुमुंजु,
आणि ओळीत बसेल तर शपथ.
पाच ठोके हवेत, प्रत्येक हलका मग जड.
दोन महिने खोडलं. मग एका सकाळी
तांबट आळीत एका दुकानाच्या पायरीवर टेकले,
आत घंगाळाच्या बुडावर हातोडी पडत होती,
आधी निसटती, मग नेमकी,
निसटती, नेमकी,
आणि भाजीच्या पिशवीवर मी लिहिलं:
*दिवा पुढे, तरी दिसे न तू.*
रात्र हा शब्द त्यात आलाच नाही.

तीन वाजता फरशीवर अनवाणी पाय ठरेना.
पन्नासेक माणसं, टोप्या, ओले रुमाल,
एक भेळवाला, दोन कुत्री सावलीच्या शोधात.
हेमल बोरस्ते कंदील घेऊन आली.
ज्योत दिसतच नव्हती,
काचेवरची हवा तेवढी हलत होती.
समोर चार हातांवर अन्वय खैरनार,
पांढऱ्या सदऱ्यात, चुन्यासारखा लख्ख.
त्याच्याकडे सरळ बघत ती म्हणाली,
दिवा पुढे, तरी दिसे न तू,
आणि हात पुढे केला.
हात त्याच्या खांद्याशेजारून गेला.
हवा चाचपत राहिला.

भेळवाल्याची हाक अर्ध्यात राहिली.
एका पोरानं आईला काहीतरी विचारलं,
अंधारात विचारतात तसं, कानाशी जाऊन.

मग अन्वयनं सुरी काढली
आणि सगळं ऊन पात्यावर आलं.
पाण्यावर, भिंतीवर, माणसांच्या डोळ्यांवर
नाचला एक कवडसा. कुणीतरी फिस्सकन हसलं.
गेली आमची रात्र.

तेव्हा चाचा उठले.
कुणी सांगितलं नव्हतं.
मोडक्या काडीची आपली काळी छत्री उघडली,
नटांच्या मधून चालत गेले,
सुरी आणि सूर्य यांच्यामध्ये उभे राहिले.
हात थोडा खाली, थोडा डावीकडे,
डिमर फिरवतात तसा सावकाश.
पातं विझलं.
पुढचा प्रवेश त्यांनी तसाच धरून ठेवला,
घाम कोपरावरून गळत होता.

पाचला पाणी सोडलं, फरशी सूं करून वाफाळली.
चाचांनी न उलगडलेल्या वायरी पुन्हा बांधल्या.
बिलाचं विचारलं तर म्हणाले,
"छत्रीची काडी बदलून द्या."

कंदील विझवायचं राहिलंच.
कुणाच्या लक्षात येणार, दिसतच नव्हता.
आरती सुटल्यावर, गर्दी पांगल्यावर,
तिसऱ्या पायरीवर तो दिसायला लागला.